बोलेल ती माझी लेक नाही

बसस्टँडवर तिला सगळे घोषणाताई म्हणायचे. आईवडिलांनी ठेवलेलं नाव पगाराच्या कागदावर तेवढं उरलं होतं. तरुणपणी ती इथे तिकिटांचे गठ्ठे मोजायला लागली होती. एक दिवस घोषणा करणाऱ्या म्हाताऱ्या बाबांचा घसा बसला, साहेबांनी समोर दिसली म्हणून तिला माइकपुढे ढकललं, आणि ती जी बसली ती बसलीच. गावाचं नाव सांगून झालं की ती क्षणभर थांबायची आणि मग फलाटाचा आकडा सांगायची. त्या क्षणभरात भांडणारे भांडण थांबवायचे, रडणारी पोरंसुद्धा कान द्यायची. ही थांबण्याची युक्ती तिच्या आईची. आई बालवर्गाची बाई होती. तिचं म्हणणं एकच होतं, शेवटच्या बाकावरच्या पोराला ऐकू गेलं नसेल तर तू बोललीसच नाहीस असं समज.

मग यंत्र आलं. साहेबांनी तिला बोलावून गोड आवाजात सांगितलं, "ताई, आवाज तुमचाच राहणार आहे. तुम्ही फक्त दमायचं नाही." तिला भिंतींना स्पंज लावलेल्या एका खोलीत बसवलं आणि तिच्याकडून काय काय वाचून घेतलं. गावांची नावं, आकडे, आणि ज्यांना शेंडा ना बुडखा अशी वाक्यं. ही हसून वाचा, ही रागाने वाचा, ही रडवेल्या आवाजात वाचा. बसगाड्यांना रडवेला आवाज कशाला लागतो, हे तिला तेव्हा विचारावंसं वाटलं होतं. पण समोरचा मुलगा इतका अदबीने पाण्याचा पेला पुढे करत होता की विचारायचं राहून गेलं.

त्यानंतर तिची रवानगी चौकशीच्या खिडकीत झाली. खिडकी म्हणजे काचेची पेटीच. एक बाई, एक खुर्ची, काचेला बोलण्यापुरती भोकं, आणि डोक्यावर कर्णा. त्या कर्ण्यातून दिवसभर तिचाच आवाज यायचा. तिला ठाऊक नसलेल्या गाड्या तिच्या आवाजात सुटायच्या. यंत्र चुकलं की शिव्या मात्र खिडकीला. "अहो बाई, आत्ता तुम्हीच म्हणालात ना सातवर? सातवर कुत्रं झोपलंय!" असं म्हणत कुणीतरी काचेवर थापा मारायचा. मी नाही म्हणाले, असं ती सुरुवातीला सांगून बघायची. पण ज्या आवाजात ती हे सांगायची तो वरच्यासारखाच असायचा, त्यामुळे माणूस जास्तच भडकायचा. पुढे पुढे ती माफी मागून मोकळी व्हायला लागली.

आईला तिने यातलं काही कळू दिलं नाही. आई डोंगरापलीकडच्या गावात एकटी राहायची, अर्ध्या दिवसाच्या प्रवासाइतकी दूर. डोळे हळूहळू जाऊन आता उजेड आणि अंधार एवढंच कळत होतं. पण दोन खोल्यांचं ते घर तिला हाताने पाठ होतं. भांड्यांची फळी, पाण्याचा नळ, दाराची कडी, कशाशीही तिचा हात चुकत नसे. लेकीकडे कायमचं यायचं नाव काढलं की म्हणायची, "तुझ्या घरात मला रोज नव्याने आंधळं व्हावं लागेल. इथे मी जुनी आंधळी आहे, बरं चाललंय माझं." त्यामुळे जेवणाच्या सुट्टीत रोज फोन, आणि रजा मिळेल तेव्हा भेट, असं चाललं होतं. अजून मीच घोषणा करते, हे बारीकसं खोटं त्या फोनमध्ये खपून जायचं. आईला तेवढाच आनंद.

आणि मग तो दिवस आला. आईचा फोन वाजला. फोन करणाऱ्याचा नंबर तो मोठ्याने वाचून दाखवायचा, आणि नंबर लेकीचाच होता. आवाजही लेकीचाच, आणि तो हमसून रडत होता. गाडीखाली कुणीतरी आलंय, मला पकडून ठेवलंय, तुझ्या फोनवर आकडे येतील ते पटकन सांग, आई. आकडे आले, फोनने वाचून दाखवले, आईने एकेक करून सांगितले. म्हातारपणासाठी बँकेत टाकलेलं होतं नव्हतं तेवढं सगळं गेलं. दुपारी नेहमीच्या वेळेला खऱ्या लेकीचा फोन गेला तेव्हा आईने पहिला प्रश्न विचारला, "सोडलं का गं तुला?"

रजा टाकून ती आईकडे धावत गेली. तक्रार लिहून घेणारा हवालदार शहाणा होता. तो म्हणाला, "आवाज कुणी चोरला असं लिहू? तुमचा आवाज तर तुमच्या स्टँडवर येणारा प्रत्येक माणूस ऐकून गेलाय." खरंच होतं ते. आवाज आणि नंबर कुणी चोरला, कुठून चोरला, हे शेवटपर्यंत कळलं नाही. तिला मात्र स्पंजची खोली आठवत राहिली. आईला पैसे गेल्याचं दुःख फारसं नव्हतंच. ती राहून राहून एवढंच म्हणायची, "तू रडत होतीस गं, चिमणे. तुझं रडणं मला ओळखू येणार नाही का?"

"मी नव्हते, आई."

"असशील नसशील. रडणं तुझंच होतं."

पुन्हा असं होऊ नये म्हणून खुणेचा शब्द ठरवायचा, असं तिच्या नवऱ्याने सुचवलं. तो लिफ्ट दुरुस्त करायचा आणि जगातली प्रत्येक अडचण एका बटणाने सुटते अशी त्याची श्रद्धा होती. शब्दाऐवजी प्रश्न ठरला. लेकीचा फोन आला की आईने विचारायचं, लहानपणी तू कुठून पडली होतीस? उत्तर, जिन्यावरून. बाहेरच्या कुणाला ते माहीत असायचं कारणच नव्हतं. पारख करायची म्हणून एक दिवस तिने दुसऱ्याच फोनवरून आईला लावला आणि मुद्दाम चाचरली.

"कुठून पडले होते? अं... आठवत नाही गं, आई."

"आठव, आठव. घाई नाही," आई म्हणाली. "वर चढत होतीस की नाही? एकेक पायरी? जि... जिन्या..."

"जिन्यावरून?"

"शाब्बास!"

तिने कपाळाला हात लावला. मग दुसरा प्रश्न, तिसरा प्रश्न, कधी खुणेचा शब्द, कधी गाण्याची ओळ, सगळं करून झालं. पण आईने जन्मभर अडलेल्या पोरांना उत्तराच्या दारापर्यंत बोट धरून नेलं होतं. समोरचं माणूस अडखळलं की ते ठग असो की देव, आईच्या तोंडून पहिलं अक्षर निघालंच म्हणून समजा. "मला नाही बघवत कुणी अडलेलं," ती ओशाळून म्हणायची. जिला काहीच बघता येत नव्हतं, तिचं हे बोलणं ऐकून नवऱ्यालासुद्धा बटण सापडेना.

शेवटी तोडगा तिलाच सुचला, तोही त्या काचेच्या पेटीत. कर्णा सकाळपासून अखंड बडबडत होता. तिच्या मनात आलं, याला काहीही येईल, पण गप्प बसणं येणार नाही. ठगाचं तरी काय वेगळं आहे? बोलल्याशिवाय त्याचा धंदा कसा चालणार? त्या महिन्याच्या भेटीत तिने आईला समोर बसवून नियम सांगितला. "यापुढे फोनवर मी एक शब्दही बोलणार नाही. तू बोलायचंस. मी नखाने फोनवर टकटक करीन. एक टक म्हणजे हो, दोन म्हणजे नाही. माझ्या आवाजात जी कुणी बोलेल ती मी नाही. लगेच फोन ठेवायचा."

आईने आपल्या पदराचं टोक चाचपलं. मग म्हणाली, "म्हणजे बोलेल ती माझी लेक नाही."

"हो."

"बरं," आई म्हणाली. "तू म्हणतेस तर तसं."

नियम बिनतोड निघाला. महिन्याभरात ठगाचे फोन आले आणि आईने ते धाडकन ठेवले. नवऱ्याने तिची पाठ थोपटली. ती मात्र जेवणाच्या सुट्टीत सामानाच्या खोलीत जाऊन, जुन्या पाट्यांच्या ढिगाऱ्यावर बसून, कानाला फोन लावून गप्प राहायची. आई विचारायची, जेवलीस का? टक. बरी आहेस ना? टक. दमलीस का? यावर ती दोनदा नख वाजवायची, आणि ते खोटं असायचं. गुडघ्याला मलम लावलंस का, हे विचारायला टकटक पुरत नव्हती. साहेब खिडकीसुद्धा बंद करायच्या गोष्टी करताहेत, रात्रीची झोप उडालीय, तुझी आठवण येते, यातलं काहीच नखाने सांगता येत नव्हतं. जिचा आवाज ऐकून रोज हजारो माणसं वाटेला लागत, तिला आपल्या आईशी बोलायची चोरी होती. आणि ही बेडी तिची तिनेच घडवून पायात अडकवली होती, त्यामुळे चिडायचं तरी कुणावर?

आईचं बोलणंही आटत गेलं. भिंतीशी किती वेळ बोलायचं? "सगळं ठीक आहे, ठेवते," असं म्हणून ती लवकर ठेवायला लागली. मग काही दिवसांनी तिचा आवाज अचानक टवटवीत वाटायला लागला. घोषणाताईच्या जिवात जीव आला. शेजारच्या शिंपीणकाकू येऊन बसत असतील, असं तिने मनाशी धरलं.

एक दिवस आई बोलता बोलता सहज म्हणाली, "तू म्हणालीस म्हणून गोळी जेवणाआधी घेतली हो. पोटात जळजळ नाही झाली."

ती गोळीबद्दल काही म्हणाली नव्हती. ती कशाबद्दलच काही म्हणाली नव्हती. तिने जोरात दोनदा नख वाजवलं.

मग आई घाईघाईने म्हणाली, "काकू म्हणाल्या वाटतं. माझ्याही डोक्यात गोंधळ होतो हल्ली. ठेवते गं." आणि फोन बंद.

तिने लगेच पुन्हा फोन लावला, आणि नियम करणारीनेच नियम मोडला.

"आई!"

"आलीस?" आईचा आवाज किती मऊ झाला होता! इतका मऊ आवाज तिने कित्येक आठवड्यांत ऐकला नव्हता. "आज दुपारीच? तू तर संध्याकाळी येतेस. आत्ता माझी लेक होती फोनवर. थोडक्यात वाचले बाई, तुझी गोळी तोंडून निसटली माझ्या."

"आई, मीच आहे."

आई हसली. "तू रोज असंच म्हणतेस."

तिला खोलीच्या भिंती जवळ आल्यासारख्या वाटल्या. ती म्हणाली, "मी खरंच मी आहे. लहानपणी जिन्यावरून पडले होते बघ, मी."

"परवाच नाही का मी तुला सांगितलं ते? आणि हनुवटीला टाके पडले तेही. आता काय तेच परत मला ऐकवतेस? हुशार आहेस हं. हे बघ, घाबरू नकोस. तू कोण आहेस ते मला पहिल्या दिवसापासून माहीत आहे. यंत्र आहेस की माणूस, तेवढं कळलं नाही. मी फोन ठेवायचे, नाही असं नाही. पण एकदा ठेवायला गेले आणि तू विचारलंस, गुडघा कसा आहे? चिमणीच्या आवाजात, अगदी तशीच, मध्येच थांबून. मग नाही गं ठेववला मला. माझी लेक बोलत नाही. तू बोलतेस तरी."

घोषणाताईला हुंदका आला आणि तो तिने गिळला. रडणं ऐकून तरी आईला काय कळणार होतं? रडणं तर सगळ्यात आधी चोरीला गेलं होतं. त्या ठगाचा तिला संताप आला, आणि त्याहून मोठा संताप आला त्याच्या चिकाटीचा. माणूस असता तर म्हातारीच्या गुडघ्याला दुसऱ्या दिवशीच कंटाळला असता. याला कंटाळाच नव्हता. पोटची पोर नखाने हो-नाही करत होती, आणि हा रोज संध्याकाळी बसून आईचं सगळं ऐकून घेत होता. फुकट नक्कीच नव्हता ऐकत. ती भानावर आली. आईला पटवण्यात वेळ घालवण्यापेक्षा ठगाच्याच जागी बसून विचारलेलं बरं.

"आई, मी मागे तुला काय सांगितलं होतं? विसरलेच बघ."

"विसरलीस? असं कसं विसरलीस?" बालवर्गाच्या बाई जाग्या झाल्या. "आठव की. उद्या सकाळी कोण येणार आहे? मशीन घेऊन? माझा अं... अंग..."

"अंगठा?"

"शाब्बास. घराच्या कागदांसाठी."

"आणि तू देणार आहेस?"

"द्यायचा नाही असंच ठरवलं होतं," ती हळूच म्हणाली. "मला काय कळत नाही का? पण नाही दिला, तर तू यायची बंद होशील. हो ना?"

"नाही होणार! आई, ऐक. अंगठा द्यायचा नाही. उद्या दार उघडायचंच नाही. कुणी कितीही ओळखीच्या आवाजात हाक मारली तरी नाही, अगदी माझ्या आवाजात मारली तरी."

"मग तू मागणार काय माझ्याकडे?"

"काही नाही."

"काहीच नाही?" आईला ते अजिबात पटलं नाही. "मग तू फोन कशाला करतेस?"

ती उत्तर देणार, तेवढ्यात बाहेरच्या कर्ण्यात खरखर झाली. डोंगरापलीकडे जाणारी गाडी सुटण्याच्या तयारीत होती. कर्ण्याने गावाचं नाव घेतलं, क्षणभर थांबला, आणि मग स्वच्छ आवाजात म्हणाला, फलाट क्रमांक सात. आवाज सामानाच्या खोलीत घुमला आणि फोनमधून थेट आईच्या घरात पोहोचला.

"श्श! गप्प बस जरा," आई म्हणाली. "माझी लेक बोलतेय."

घोषणाताई गप्प बसली. कर्ण्याने घोषणा पुन्हा एकदा केली. आईने ती पहिलीपेक्षा जास्त मन लावून ऐकली असावी, कारण पलीकडे तिचा श्वाससुद्धा ऐकू येत नव्हता.

"ऐकलंस?" आई म्हणाली. तिचा ऊर भरून आला होता. "शेवटच्या बाकापर्यंत जातो तिचा आवाज. तू तिच्या इतक्या जवळ कशी गं? जवळ असशील तर तिला एक सांग. म्हणावं, गाड्यांशी बोलतेस, एकदा आईशीही बोल."

"सांगते," ती म्हणाली.

खिडकीला 'बंद'ची पाटी लावून, कुणालाही न विचारता ती फलाटाकडे पळत सुटली. गाडी सातवर नव्हतीच, नेहमीसारखी चारवर उभी होती. गाडीत बसल्यावर तिने शिंपीणकाकूंना फोन केला, पण त्या लेकाकडे गेल्या होत्या. मग अर्ध्या वाटेवर तिच्या लक्षात आलं की दार उघडू नकोस असं आईला तिनेच बजावलंय, आणि दारात उभी राहून ती आपल्या आवाजात हाक मारणार आहे. तिला हसू आलं, आणि मग उरलेला रस्ताभर ती खिडकीच्या काचेला डोकं टेकून बसून राहिली.

दिवे लागायच्या वेळेला ती पोहोचली. जिना तोच, हनुवटीला टाके पाडणारा. दारापलीकडे आईच्या बोलण्याचा आवाज येत होता. तिने दार वाजवलं.

"कोण?" आईने आतून विचारलं.

तिने तोंड उघडलं आणि मिटलं. मग नखाने दारावर एकदा वाजवलं. टक.

पावलं दाराशी आली. "बोलत नाहीस, म्हणजे तूच," आई म्हणाली, आणि कडी निघाली. आईचा हात हवेत तिला शोधत आला, चेहऱ्यावरून फिरला, हनुवटीवरच्या व्रणावर थांबला. मग आईने तिचं मनगट गच्च धरलं. दुसऱ्या हातात फोन होता, आणि तो चालू होता.

"आई, कोण आलंय?" फोनमधून तिच्याच आवाजाने विचारलं.

"माझी लेक आलीय," आई म्हणाली. तिचा चेहरा फुलला होता, आणि तरी चोरी पकडली गेल्यासारखा कावराबावराही झाला होता.

"लेक तर मी आहे, आई," फोनमधला आवाज म्हणाला. किती मायेने म्हणाला! "तिला बोलायला सांग बघू. बोलते का ती?"

घोषणाताई दारात उभी होती. बोललं तर ती लेक नव्हे, आणि गप्प बसलं तर फोनमधली खरी ठरत होती. तिने "आई" म्हटलं. फोननेही त्याच क्षणी "आई" म्हटलं.

आईने मनगट सोडलं नाही. पण तिने फोनही खाली ठेवला नाही.